सपाट पाऊल आणि कमरेचे भान

डोळे मिटले तरी आपली कंबर वाकली आहे की ताठ आहे, हे आपणांस उमगते. या स्नायुसंवेदनेचे वर्णन स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८२६ मध्ये केले. १९०६ मध्ये शेरिंग्टन यांनी तिला शास्त्रीय नाव दिले. तिचा पावलाशीही संबंध पोहोचतो. पाऊल सपाट असेल तर घोटा व नडगी आत वळतात, कटिभाग पुढे झुकू शकतो आणि कमरेच्या स्नायूंकडून मेंदूस जाणारा निरोप बदलण्याचा संभव असतो.

सपाट पावलांपायी कित्येक तरुण सैन्यभरतीत नाकारले गेले. परंतु हॅरिस व बीथ यांनी साडेतीन हजारांवर कॅनडियन सैनिकांची पावले तपासली आणि १९४७ मध्ये दाखवून दिले की, लवचिक सपाट पाऊल सहसा अपंगत्व आणीत नाही. म्हणून मुलाचे पाऊल केवळ आकारावरून जोखू नये. ते भार कसा पेलते, हे पाहावे.