कल्हई आणि विजेच्या तारा

चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच असलेले वनप्रधान जिल्हे. त्यांपैकीं चंद्रपूर जिल्ह्यांत ठाणेवासना येथें भूमीच्या उदरांत तांब्याचें खनिज आहे. तांबें मराठी घरांना नवें नाहीं. तांब्यापितळेच्या भांड्यांत ताक कळकूं नये, म्हणून कल्हईवाला दारोदार फिरत असे.

त्याच्या विद्येचें मर्म भांड्याच्या पृष्ठभागांत होतें. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला कीं, त्यांतून निघणारें आम्ल तांब्यावरील काळा थर खाऊन टाकी. अशा निर्मळ जागीं, २३२ अंशांवर वितळणारें कथील पसरून घट्ट बसे. जेथें ओशटपणा राही, तेथें तें धरीत नसे. आणि त्याच उघड्या डागापाशीं अन्न विषारी होई.

एका रेणूच्या जाडीचा थर पृष्ठभागावर कसा बसतो, याचा उलगडा अमेरिकेंतील अर्विंग लँगम्यूर यांनीं केला. १९३२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९७४ सालीं फिनलंडमधील टुओमो सुंटोला यांनीं दोन वायुरूप द्रव्यें आळीपाळीनें सोडून थरावर थर चढविण्याची रीत सिद्ध केली. पृष्ठभागावरील जागा भरल्या कीं प्रत्येक थर आपोआप थांबतो.

पुढें १९९७ सालीं संगणकाच्या चिपमध्यें ॲल्युमिनियमऐवजीं तांब्याच्या तारा घालण्याची घोषणा झाली, आणि जुनाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. या तारा केसाहून हजारों पटींनीं बारीक. तारांमधल्या विद्युत्‌रोधक भागावर धातूचा कण चुकून बसला, तर शेजारच्या तारा जोडल्या जाऊन सारी चिप वायां जावयाची. म्हणून हव्या त्या जागींच थर वाढविणें भाग पडलें.

येथें ओशटपणाच उपयोगी पडला. गंधकयुक्त रेणूंचें एक टोंक तांब्याला घट्ट धरतें. मेणासारखें दुसरें टोंक येणाऱ्या द्रव्याला थारा देत नाहीं. मग नवा थर तांबें सोडून केवळ रोधक भागावर वाढतो. काम झाल्यावर ते रेणू काढून टाकतां येतात. मात्र त्यांच्या रांगेंत एखादी फट राहिली, तर थर तेथेंही रुजतो. तिच्यावर मात करण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांतून चालू आहेत.

कल्हईवाल्याला जो ओशटपणा वैरी वाटे, तोच चिपच्या कारागिरानें चाकरीस ठेविला. लेप कोठें बसूं द्यावयाचा नाहीं, हें ठरवितां येणें ही लेप देण्याइतकीच मोठी विद्या आहे.