नाशिकचे नाक आणि पुण्याजवळचा अनामिक कारागीर

१/
लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते पंचवटीत आणि त्या नासिकेवरूनच आमच्या गावाला 'नाशिक' हे नाव पडले, असे परंपरा सांगते. अब्रू गेली की 'नाक कापले' असे आपण आजही म्हणतो. एके काळी मात्र ही प्रत्यक्षात दिली जाणारी शिक्षा होती. आजचा थ्रेड अशाच एका कापलेल्या आणि पुन्हा घडवलेल्या नाकाविषयी आहे.

२/
साल १७९२. तिसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध. मराठे या युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढत होते. इंग्रजांच्या फौजेसोबत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. समकालीन वृत्तांतात त्याचा उल्लेख शेती करणाऱ्या जातीचा मराठा असा येतो.

३/
सुमारे बारा महिने कावसजी नाकाविना वावरला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस कुंभार असावा, असे मानले जाते. तेव्हा पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती होता.

४/
थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबईच्या दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. तिचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. सवाई माधवराव आणि नाना यांचे प्रसिद्ध चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचेही चित्र काढले होते.

५/
त्या वृत्तांतातील कृती अशी. आधी मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून हवा तसा आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ आखायची. रेघेच्या आतील कातडी सोडवायची. मात्र दोन्ही भुवयांच्या मधली एक अरुंद पट्टी तोडायची नाही. मग ती कातडी अर्धा वेढा देऊन खाली आणायची आणि नाकाच्या खुंटाभोवती घेतलेल्या छेदात बसवायची.

६/
शिवण नाही. पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर पसरून पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची.

७/
साऱ्या कृतीचे मर्म त्या अरुंद पट्टीत आहे. कातडी पूर्ण तोडून दुसरीकडे चिकटवली, तर रक्ताअभावी ती मरण्याचा धोका मोठा. पट्टीतून रक्त वाहत राहते आणि तेवढ्या अवधीत नव्या जागी रक्तवाहिन्या जुळतात. आजच्या शल्यशास्त्रात या तत्त्वाला 'फ्लॅप' म्हणतात. कर्करोगामुळे नाक गमावलेल्या रुग्णांसाठी कपाळावरचा फ्लॅप आजही वापरला जातो.

८/
येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'हे सारे सुश्रुतसंहितेत आहेच' असे संदेश आपण नेहमी वाचतो. संहितेत नाक जोडण्याची कृती खरोखरच आहे. परंतु तेथे झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी वापरण्यास सांगितले आहे. पुण्याजवळच्या कारागिराने कपाळाची कातडी घेतली. कपाळाची कृती कारागिरांच्या हातांत जगत होती. सारे श्रेय ग्रंथाला दिले की हे हात विस्मरणात जातात.

९/
तो वृत्तांत जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यचिकित्सकाच्या वाचनात आला. त्याने मृतदेहांवर सराव केला, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि १८१६ मध्ये आपल्या दोन रुग्णांची हकीकत पुस्तकरूपाने छापली. ती पद्धत युरोपभर पसरली. पाश्चात्त्य ग्रंथांत तिला आजही 'भारतीय पद्धत' म्हणतात.

१०/
मग प्रश्न पडतो: नाक घडवू शकणारे हात पोटातील आंत्रपुच्छ का काढू शकले नाहीत? कारण नाक शरीराच्या पृष्ठभागावर आहे. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तेथील जखम लवकर भरते. शरीराच्या आत शिरण्याच्या वाटेवर मात्र तीन पहारेकरी उभे होते: वेदना, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव. कावसजीने आणि कार्प्यूच्या रुग्णानेही शस्त्राचा घाव शुद्धीवर असतानाच सोसला.

११/
हे पहारेकरी एकेक करून हटले. १८४६ मध्ये बोस्टन येथे मॉर्टनने ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धत मांडली. १९०१ मध्ये लँडस्टायनरने रक्तगट उलगडले आणि पुढे रक्त देणे सुरक्षित होत गेले. आधुनिक शल्यशास्त्र या तीन पायांवर उभे आहे.

१२/
त्यानंतर शस्त्रक्रियेला फांद्या फुटल्या. रोगग्रस्त भाग काढणारी, मोडलेले सांधणारी, निकामी अवयव बदलणारी, गेलेले रूप परत देणारी. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी विद्रूप झालेल्या सैनिकांचे चेहरे हॅरल्ड गिलीजने पुन्हा घडवले. त्याचाही मुख्य आधार रक्तपुरवठा राखलेली कातडी हाच होता. आधुनिक प्लॅस्टिक सर्जरी तेथे आकाराला आली.

१३/
छेदही बदलला. पूर्वी पोट उघडावे लागे. आता काही छोट्या छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारे आत जातात. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याच्याशी संलग्न असलेल्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. भारतातील ती अशी पहिली शस्त्रक्रिया होय.

१४/
आता नोंदींकडे पाहा. नाक गमावलेल्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पाहणाऱ्या दोघांची नावे ठाऊक आहेत. चित्रकाराचे, लंडनच्या शल्यचिकित्सकाचे, त्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवसाचेही आहे. ज्याने प्रत्यक्ष वस्तरा चालवला, त्याची मात्र केवळ जात नोंदली गेली.

१५/
कार्प्यूचे श्रेय खोटे नाही. त्याने पडताळले, लिहिले, छापले. म्हणूनच त्याला कधीही न भेटलेल्या माणसालाही ती कृती शिकता आली. कारागिराच्या घरातले ज्ञान घरातच राहिले आणि ते लिहून घ्यावे असे पुण्याच्या शहाण्यांपैकी कोणाला वाटले, असे दिसत नाही. ही आपल्या समाजाची उणीव होती आणि तिचे खापर एकट्या इंग्रजांवर फोडता येत नाही.

१६/
मित्रहो, पुढच्या वेळी 'सर्व काही आपल्याकडे होतेच' किंवा 'आपल्याकडे काहीच नव्हते' असा संदेश आला, तर पुण्याजवळच्या त्या माणसाचे स्मरण करा. दोन्ही वाक्यांत त्याला जागा नाही. आणि तुमच्या गावात हाडे बसवणारे, सुईणपण करणारे जुने हात अजून असतील, तर त्यांच्याकडून ऐका आणि लिहून ठेवा. नावासकट.