ऐनाखालचे चाळीस दिवस

साकोली तालुक्यातल्या सानगडीला जुना किल्ला आहे, जवळच शिवणीबांधचा मोठा तलाव आहे आणि तलावांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या आहेत. या भागाचा इतिहास लिहिणारे बहुतेक किल्ला आणि तलाव यांच्यापाशीच थांबतात. बांध्या संपल्या की जंगल सुरू होतं आणि त्या जंगलात ऐनाची झाडं असतात. त्या झाडांखाली चालणाऱ्या एका धंद्याने भंडाऱ्याचं नाव रेशीमशास्त्राच्या पुस्तकांत नेऊन ठेवलं. टसरच्या किड्याच्या एका स्थानिक वाणाला शास्त्रज्ञ आजही ‘भंडारा’ याच नावाने ओळखतात.

टसर म्हणजे इथला कोसा. तुतीवरचा रेशीमकिडा घरात, सुपात वाढतो. कोशाचा किडा मात्र उघड्यावर, ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या झाडावर वाढतो. अंड्यातून बाहेर आल्यापासून कोश विणेपर्यंत तो चार वेळा कात टाकतो. पावसाळ्यातल्या पहिल्या पिकाला साधारण महिना-सव्वा महिना लागतो. नंतरचं पीक थंडीकडे सरकतं, त्यामुळे जास्त दिवस घेतं. एवढ्या काळात त्याच्यावर टपलेल्यांची यादी मोठी आहे. मुंग्या, गांधीलमाश्या, ढेकणाच्या जातीचे रस चोखणारे किडे, सरडे, खारी, कावळे. रात्री घुबडं आणि वटवाघळं. एका झाडाचा पाला संपला की किड्यांसकट फांदी छाटून दुसऱ्या झाडाला बांधायची. मुसळधार पाऊस आला की लहान किडे धुऊन जातात, ऊन तापलं की रोग पसरतो. कर्ज काढून आणलेली अंडी चार दिवसांत मातीमोल होऊ शकतात आणि पाळणाऱ्याच्या हाती राहतं ते फक्त लक्ष ठेवणं.

हे काम या भागात प्रामुख्याने ढिवर समाजाने केलं. मासेमारी, शिंगाडा आणि जोडीला कोसा. पावसाळ्यात तलाव भरतात, मासळी चढते, बांध्यांत रोवणीला माणसं लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत कोशाचा किडा जंगलात माणूस मागतो. म्हणून घरातला एक जण मचाणीवर किंवा पाल्याच्या खोपीत मुक्कामाला जाई. दिवसा गुलेल आणि मातीच्या गोळ्या, रात्री शेकोटी आणि हाकारे.

या मुक्कामाला नियम होते. भंडाऱ्यापासून छत्तीसगड आणि छोटा नागपूरपर्यंतच्या सगळ्या कोसापट्ट्यात ते थोड्याफार फरकाने सापडतात आणि इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्यांनी ते नवलाने टिपून ठेवले आहेत. रोज अंघोळ केल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. मांस-मासळी वर्ज्य. बायकोपासून दूर राहायचं. अंगाला तेल-हळद नाही, केस-दाढी कापायची नाही, जमिनीवर निजायचं. परक्याला झाडांजवळ येऊ द्यायचं नाही. मासळीवरच ज्याचं पोट चालतं, त्याने ऐन मोसमात मासळी सोडायची, यातली कठोरता सहज लक्षात येत नाही. गावात सगळीकडे मासे शिजत असताना हा माणूस जंगलात मीठ-भात खाऊन बसलेला असे.

अधिकाऱ्यांनी या सगळ्यावर अंधश्रद्धा असा शिक्का मारला. तो पुरेसा नाही. पेब्रिन नावाच्या रोगाने फ्रान्समधला रेशीमधंदा बुडू लागला तेव्हा लुई पाश्चर १८६५ साली तिथल्या ‘आले’ नावाच्या गावात जाऊन बसले. काही वर्षांच्या कष्टांनंतर त्यांनी दाखवून दिलं की हा रोग आईकडून अंड्यात उतरतो आणि मळलेल्या पाल्यातूनही पसरतो. मादीने अंडी घातली की त्या मादीलाच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं, ती रोगी निघाली तर तिची सगळी अंडी नष्ट करायची, हा त्यांचा उपाय टसरलाही लागू पडला. स्वच्छ हात आणि परक्यांना मज्जाव, एवढं तरी ढिवराच्या नियमांत आधीपासून होतं. कारण वेगळं सांगितलं जाई, पण उपयोग व्हायचा.

मात्र केस न कापल्याने किड्याला काय मिळतं? काहीच नाही, जे मिळायचं ते माणसाला. पीक वाचेल की नाही हे त्याच्या हातात नव्हतं, आभाळ तर नव्हतंच. पहाटेची अंघोळ, उजाडायच्या आत झाडांची पहिली फेरी, एक वेळचं साधं जेवण, सांजेला पुन्हा फेरी, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात होतं. चाळीस दिवस एकट्याने जागरणं करत, प्रत्येक कावळ्यामागे धावत राहणाऱ्या माणसाचं चित्त ठिकाणावर राहायला अशी ठरलेली चाकोरी लागते. पीक गेलंच, तरी ‘माझ्याकडून कसूर झाली नाही’ असं त्याला घरी येऊन सांगता येई. याला दुसरी बाजूही होती. पीक बुडालं की कुणीतरी नियम मोडला असणार, असा संशय घेतला जाई आणि तो बहुधा घरातल्या बाईवर येई. मासिक पाळीतल्या बाईची सावलीही नको, हा नियम त्याच यादीत होता. व्रताने पुरुषाला आधार दिला आणि बाईवर ठपका ठेवला. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात.

कारण धागा होईपर्यंतचं पुढचं सगळं काम बाईचंच होतं. कोसा कठीण असतो. तो राखेच्या पाण्यात उकळून मऊ करायचा, मग तंतू ओढून उघड्या मांडीवर घासत धागा वळायचा. मांडीची साल निघे. तो धागा मोहाडी, आंधळगाव इथल्या कोष्ट्यांच्या मागावर जाई आणि त्यातून करवतीसारख्या दातेरी काठाची करवतकाठी साडी उतरे. टॉमस वॉर्डल या इंग्रज रंगाऱ्याने हिंदुस्थानी टसर रंगवून १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं, तेव्हा युरोपला या कापडाची गोडी लागली. प्रदर्शनात कापड दिसलं. मांडी आणि मचाण दिसली नाही.

त्याच वर्षी हिंदुस्थानात नवा वनकायदा आला. राखीव जंगलातलं ऐनाचं झाड ही सरकारची मालमत्ता झाली आणि फांदी छाटायलाही परवानगी लागू लागली. ढिवराच्या नियमांच्या यादीत आता त्याने स्वतः न घातलेले नियम आले.

पुढे भंडाऱ्यात टसर संशोधनाचं केंद्र निघालं. आता शेतकऱ्याला तपासलेले रोगमुक्त अंडीपुंज मिळतात, लहान किड्यांवर जाळी टाकतात, झाडाखाली चुना पसरतात. मांडीवरच्या कताईची जागा घ्यायला छोटी यंत्रं आली आहेत. दाढी वाढवण्याचा नियम कुणी पाळतो, कुणी पाळत नाही. पहाटेच्या फेरीला पर्याय निघालेला नाही, कारण कावळे उजाडतानाच येतात.