माशांतील चपट्या कृमींची ‘नवी प्रजाती’ ठरते कशी?

पनवेल-रोहा लोहमार्गावरील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव. पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की या पट्ट्यात वलगणीच्या माशांची चर्चा सुरू होते. खाचरांत चढलेली मरळ किंवा मागूर घरी आणून साफ करताना तिच्या आतड्यातून कधी कधी पांढरट, चपटी, वळवळणारी फीत बाहेर पडते. घरात ती टाकून दिली जाते. प्राणिशास्त्रज्ञ मात्र ती जपून ठेवतात. ही फीत म्हणजे परोपजीवी चपटा कृमी असतो. तो नेमका कोणत्या प्रजातीचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

तीन प्रमुख गट

माशांवर जगणाऱ्या चपट्या कृमींचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट कल्ल्यांना व त्वचेला सूक्ष्म आकड्यांनी चिकटून राहणाऱ्यांचा. त्यांना दुसऱ्या यजमान प्राण्याची गरज नसते. दुसरा पर्णकृमींचा, त्यांच्या जीवनचक्रात गोगलगाय आवश्यक असते. तिसरा पट्टकृमींचा. त्यांना तोंड वा अन्ननलिका नसते. यजमानाच्या आतड्यातील अन्नरस ते त्वचेतूनच शोषून घेतात. त्यांच्या अळ्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीव किंवा चिखलातील गांडूळवर्गीय कृमी यांच्यामार्फत माशाच्या पोटात पोहोचतात.

नागपूर ते औरंगाबाद

या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांनी १९२५ मध्ये मागूर माशातील एका नव्या कृमीचे वर्णन ‘पॅरासायटॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले व त्यास ‘कॅरिओफायलियस इंडिकस’ असे नाव दिले. या कृमीच्या शरीराचे खंड पडत नसल्याने तो नेहमीच्या पट्टकृमीसारखा दिसत नाही. त्या निबंधात त्याची गणना पर्णकृमींत झाली होती. १९३१ मध्ये मोघे यांनीच त्याचे पूरक वर्णन पट्टकृमींतील ‘लायटोसेस्टस’ या वंशाच्या नावाखाली प्रसिद्ध केले. आपल्या पहिल्या नोंदीचा पुन्हा विचार करण्याचे हे उदाहरण आजही मार्गदर्शक ठरावे.

पुढे औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठात या विषयाची मोठी परंपरा उभी राहिली. जी. बी. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळवर्गीय माशातील पट्टकृमीसाठी ‘सर्कमऑन्कोबोथ्रियम’ हा नवा वंश स्थापन केला. डोक्यावरील आकड्यांचे कडे ही त्याची खूण. पुढील फेरतपासणीत मात्र तो १९३४ पासून प्रचलित असलेल्या ‘सेंगा’ या वंशात विलीन करण्यात आला.

ओळख पटविण्याची रीत

मासा ताजा असतानाच कृमी काढणे ही पहिली अट. यजमान मेल्यावर कृमीही लवकर कुजू लागतो. तो मिठाच्या सौम्य द्रावणात धुऊन गरम फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केला जातो. त्यानंतर कार्माइनसारख्या रंगद्रव्याने रंगवून, अल्कोहोलने निर्जल करून काचपट्टीवर कायमचा बसविला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली आकड्यांची संख्या, वृषणांची मांडणी, अंडाशयाचा आकार, पीतक ग्रंथींचा विस्तार यांची मोजमापे व आकृत्या घेतल्या जातात. अलीकडे याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि डीएनए क्रमवारीची जोड मिळाली आहे.

नाव देण्यासही नियम आहेत. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार, १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रजातीचा मूळ नमुना निबंधात निश्चित करावा लागतो. तो कोणत्या संग्रहात ठेवला अथवा ठेवला जाणार आहे, हेही नमूद करावे लागते. एकाच जीवाला दोन नावे मिळाल्यास सामान्यतः जुने नाव ग्राह्य धरले जाते.

५९ नावे, ८ प्रजाती

या शिस्तीचे महत्त्व २०११ मध्ये ठळकपणे समोर आले. अनिर्बाण ॲश, तोमाश शोल्झ व सहकाऱ्यांनी मागुरातील या खंडविरहित पट्टकृमींची फेरतपासणी केली. जुने नमुने तसेच भारत, इंडोनेशिया व थायलंड येथून गोळा केलेले नवे नमुने त्यांनी पाहिले. साहित्यात नोंदलेल्या ५९ नावांपैकी केवळ ८ प्रजातीच ग्राह्य ठरल्या. मोघे यांची ‘इंडिकस’ मात्र टिकली.

इतकी नावे का वाढतात? कृमीचे शरीर मऊ असते. काचेखाली दाबल्यास ते पसरते, आकुंचन पावल्यास लहान दिसते, वयानुसारही बदलते. असे फरक प्रजातीचे लक्षण समजले, की नवे नाव जन्माला येते. मूळ नमुना उपलब्ध नसेल, तर चूक सुधारणेही कठीण होते. यजमानाचे नावही स्थिर राहत नाही. भारतीय मागुरास पूर्वी ‘क्लॅरियस बट्राकस’ म्हणत. आता ते नाव जावातील माशापुरते मर्यादित असून आपला मासा ‘क्लॅरियस मागूर’ म्हणून ओळखला जातो.

अचूक नावाचा उपयोग

हा केवळ नावांचा वाद नाही. मत्स्यबीज केंद्रात कार्प माशांच्या पिल्लांना आशियाई पट्टकृमीने ग्रासल्यास मोठी हानी होते. कृमी ओळखता आला, तरच त्याचा मधला यजमान कळतो आणि प्रादुर्भावाची साखळी तोडता येते. माशाच्या आतड्यातील बहुतेक कृमी माणसात वाढत नाहीत; तरीही आतडे काढून मासा पूर्ण शिजवावा, हे उत्तम.

पाताळगंगेसारख्या नदीतील मागुरात उद्या एखादा अनोळखी कृमी सापडला, तर त्यास नवे नाव देण्याआधी ताजा नमुना, जुन्या नमुन्यांशी तुलना आणि संग्रहालयातील नोंद या तीन पायऱ्या पार कराव्या लागतील. त्यानंतर मिळालेले नावच टिकण्याची शक्यता अधिक.