अग्निशमन अधिकारी तुम्हाला अटक करू शकतो का?

समजा, हिंगणघाटमधल्या एका जिनिंगमध्ये अग्निशमन अधिकारी तपासणीला आले. कापसाच्या गंजीला लागूनच उघड्या वायरी, पाण्याची टाकी रिकामी आणि बाहेर पडायच्या दाराला कुलूप. मालक म्हणाला, "सीझन संपला की बघू." आता अधिकारी काय करू शकतात?

थोडक्यात उत्तर: अटक करू शकत नाहीत. पण जागा रिकामी करायला लावून तिला सील ठोकता येतं. आणि बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं.

अधिकार कुठून येतात?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आहे. त्यामुळे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावसारख्या शहरांत बंब नगरपरिषदेचा असतो. अधिकाऱ्यांची ताकद मात्र राज्याच्या कायद्यातून येते. त्याचं नाव महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. तो डिसेंबर 2008 पासून लागू आहे.

या कायद्याखाली काय काय करता येतं?

- तपासणी: तीन तासांची नोटीस देऊन सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत इमारतीत जाऊन पाहणी करता येते. जीविताला धोका वाटला तर कोणत्याही वेळी जाता येतं.
- नोटीस: त्रुटी सापडल्या तर त्या ठरलेल्या मुदतीत दूर करा, अशी लेखी नोटीस देता येते.
- जागा रिकामी करणे: धोका अगदी समोर दिसत असेल, तर संचालक किंवा मुख्य अग्निशमन अधिकारी लेखी आदेश काढून लोकांना लगेच बाहेर पडायला सांगू शकतात. वीज आणि पाणी तोडायलाही सांगू शकतात.
- सील: जागा रिकामी झाल्यावर सील लावता येतं. आदेशाशिवाय ते कुणीही काढू शकत नाही.

कायदा मोडल्याचं कोर्टात सिद्ध झालं तर 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 20 ते 50 हजार रुपये दंड होऊ शकतो.

मग पोलीस कुठे येतात?

आदेश देऊनही लोक हलले नाहीत, तर अधिकारी त्या हद्दीतल्या पोलिसांना त्यांना बाहेर काढायला सांगतात. म्हणजे निर्णय अग्निशमन अधिकाऱ्याचा आणि बळ पोलिसांचं. आग लागून कुणाचा जीव गेला, तर निष्काळजीपणाचा गुन्हा पोलीस भारतीय न्याय संहितेखाली नोंदवतात. अटक करायची की नाही, हेही तेच ठरवतात.

वनरक्षकाला अटकेचा अधिकार, मग यांना का नाही?

सेलू, कारंजा, आष्टीकडच्या जंगलात उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला पालापाचोळा जाळला जातो आणि वणवा पेटतो. राखीव जंगलात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. अशा गुन्ह्यात ठोस संशय असेल, तर कलम 64 नुसार वन अधिकारी वॉरंटशिवाय अटक करू शकतो. मात्र विनाविलंब मॅजिस्ट्रेटसमोर किंवा पोलीस ठाण्यात हजर करावं लागतं.

फरक कामाच्या स्वरूपात आहे. जंगलात आग लावणारा पळून जातो आणि जवळ पोलीस ठाणं नसतं. जिनिंग, मंगल कार्यालय किंवा कोचिंग क्लास कुठे पळून जात नाही. तिथे मालकाला पकडण्यापेक्षा आतली माणसं वेळेत बाहेर काढणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी सील पुरेसं आहे.

अडचण अधिकाराची की वापराची?

अटकेचा अधिकार द्यावा, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की नोटिशीला कुणी घाबरत नाही. विरोधी मुद्दा असा की तपासणी करणाऱ्याच्याच हातात अटक दिली, तर दबाव आणि देवाणघेवाणीला वाव मिळतो.

पण जो अधिकार आहे, तो वापरला गेला नाही तर नवा देऊन काय होणार? 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. ऑडिट आगीच्या आधी व्हावं, यासाठीचा कायदा तेव्हा बारा वर्षं लागू होता.

तुम्ही काय करू शकता?

कायद्यानुसार पहिली जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची आहे. ज्या इमारतींना हा नियम लागू आहे, त्यांनी दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात.

मुलांच्या क्लासमध्ये, दवाखान्यात किंवा सोसायटीत शेवटचा फॉर्म बी कधीचा आहे, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर नगरपरिषदेकडे 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तर देण्याची मुदत 30 दिवस आहे. दाराला कुलूप किंवा जिन्यात सामान दिसलं, तर फोटोसह लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. लेखी तक्रार हातात असली की "आम्हाला माहीत नव्हतं" असं नंतर कुणालाच म्हणता येत नाही.