नळ आला, पण त्याला जपणार कोण?

आज आम्ही तुम्हाला चंद्रपूर शहराच्या पाण्याची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, शहराच्या नळाशी आपला काय संबंध? गोष्ट संपेपर्यंत तो तुमच्या लक्षात येईल.

चंद्रपूर वसलं तेच पाण्यापायी, असं जुनी माणसं सांगतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गळवं उठली होती. शिकारीला गेला असता त्यानं झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खड्ड्यातलं पाणी घेतलं आणि त्याला आराम पडला. मग राणीच्या सांगण्यावरून त्यानं तिथंच शहर वसवलं. ही दंतकथा आहे. पण गोंड राजांनी पाण्याचा विचार केला होता, हे खरं. रामाळा तलाव आजही शहरात आहे. तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी वस्तीत आणायची सोय त्या काळात होती.

गावातही तसंच. जो तलाव बांधेल, त्याला तलावाखाली भिजेल तेवढी जमीन, अशी गोंड राजवटीची रीत होती. म्हणून तर आपल्याकडे गावोगावी तलाव आणि बोड्या दिसतात. पाळ फुटली तर धान बुडेल, हे बांधणाऱ्याला माहीत असायचं, म्हणून तो पाळ सांभाळायचा. पुढं हे तलाव मालगुजारांकडे गेले. तो काळ काही सुखाचा नव्हता. पाळीवर माती वाहणारी माणसं आपल्याच आज्या-पणज्या होत्या. पण तलावाची काळजी कोणाच्या अंगावर आहे, हे गावाला ठाऊक होतं.

1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मालकी बदलली, पण दर उन्हाळ्यात गाळ काढायचा कोणी, पाळीवर नजर ठेवायची कोणी, हे मागं पडलं. आज आपण त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. शहरातही तेच झालं. चंद्रपुरातला कोहिनूर तलाव आज मैदान झाला आहे, तिथं सभा भरतात. रामाळा तलावात सांडपाणी आणि गाळ साचला, तेव्हा तो साफ व्हावा म्हणून 2021 मध्ये इको-प्रो संस्थेला उपोषण करावं लागलं.

शहर आता इरई धरणाचं पाणी पितं. हे धरण मुळात औष्णिक वीजकेंद्रासाठी बांधलेलं. म्हणजे एकाच धरणावर वीज आणि घागर, दोघांचा हक्क. 2010 च्या उन्हाळ्यात धरण आटलं, तेव्हा वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते.

धरणात पाणी असलं तरी ते घरापर्यंत जायला चांगल्या वाहिन्या लागतात. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या 3 लाख 20 हजारांच्या वर होती. त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. 2015 मध्ये केंद्र सरकारनं एक लाखाच्या वरच्या शहरांसाठी ‘अमृत’ योजना आणली. त्यात चंद्रपूरच्या पाण्यासाठी दोनशे कोटींच्या वरचं काम निघालं. दहा लाखांच्या आतल्या शहराला अर्धा पैसा केंद्राचा, उरलेला राज्याचा आणि महापालिकेचा. केंद्राचा पैसा तीन हप्त्यांत येणार, 20, 40 आणि 40 टक्के.

आता इथं कान द्या. अमृतच्या नियमात लिहिलं होतं की पाच वर्षांची देखभाल-दुरुस्ती कामात धरायची, पण तिचा खर्च प्रकल्पाच्या किमतीत धरायचा नाही. तो पाणीपट्टीतून किंवा दुसऱ्या उत्पन्नातून भागवायचा. म्हणजे नळ टाकायला सरकार पैसा देतं, नळ चालू ठेवायचा पैसा गावानं-शहरानं उभा करायचा. आपल्या गटातली बाई शेळीसाठी कर्ज मागते, तेव्हा आपण पहिल्यांदा काय विचारतो? चाऱ्याचं काय? रात्री बांधशील कुठं? पाण्याच्या योजनेत हाच प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो.

हे आता आपल्या दारात आलं आहे. 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी घरात, असं त्याचं माप. गावातल्या कामाच्या खर्चात लोकवाटा 10 टक्के. पण डोंगराळ, जंगलातल्या किंवा अर्ध्याहून जास्त आदिवासी-दलित वस्तीच्या गावांना 5 टक्केच. आपली बरीच गावं यात बसतात. गावच्या पाणी समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत, हाही नियम आहे. 15 व्या वित्त आयोगानंही 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला.

आमच्या भागातल्या एका गावात टाकी झाली, नळ आले, गावानं नारळ फोडला. पहिल्याच उन्हाळ्यात मोटार जळाली. नवी घ्यायला कोणाकडेच पैसा नव्हता, कारण पाणीपट्टी कधी गोळाच केली नव्हती. बाया पुन्हा गुंड घेऊन जुन्या विहिरीवर. समितीत चार बायांची नावं होती. त्यातल्या दोघींना आपलं नाव आहे हेही माहीत नव्हतं.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. पाणी समितीत कोण कोण आहे? मोटारीचं बिल आणि दुरुस्ती कशातून होते? पाणीपट्टीची वही कोणाकडे आहे, आणि ती वाचून कोण दाखवेल?

आपण दर महिन्याला गटाची वही उघडतो, पै-पैचा हिशोब मोठ्यानं वाचतो, चुकलं तर तिथंच बोलतो. हेच काम पाण्याच्या वहीसाठी करायचं आहे. राजानं तलाव बांधला, सरकारनं नळ टाकला. जपायचं काम कोणाच्या तरी नावावर लागतंच. ते आपल्या नावावर लागलं, तर वहीही आपल्याच हातात हवी.