एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज
दक्षिण अटलांटिक महासागरातील त्रिस्तान द कुन्या या ब्रिटिश बेटावरील एकमेव गाव. लोकसंख्या सु. २५०. हिंदुस्थानाकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमाराला १५०६ मध्ये हे बेट दिसले. १८१६ मध्ये येथे ब्रिटिश शिबंदी आली. ती परतल्यावर मागे राहिलेल्या विल्यम ग्लास याने वसाहत उभारली. ड्यूक ऑफ एडिंबरोच्या १८६७ मधील भेटीवरून गावाला नाव मिळाले.

गाव ज्वालामुखीच्या (पहा : ज्वालामुखी) पायथ्याशी अरुंद सपाटीवर आहे. विमानतळ नाही, केप टाउनहून बोटीला सुमारे आठवडा लागतो आणि समुद्र खवळलेला असल्यास उतरणेही लांबते. जमीन सामाईक असून बटाट्याची शेती, पशुपालन व मुख्यतः शेवंडांची निर्यात (पहा : शेवंड) यांवर उपजीविका चालते. १९६१ च्या उद्रेकामुळे सर्व रहिवाशांना इंग्लंडला हलविण्यात आले. १९६३ मध्ये बहुतेक परतले.